शिकागोच्या नगरसेवकांना खुलं पत्र : चर्च रिकामं होण्याची वाट पाहू नका

प्रति,
माननीय महापौर आणि ५० प्रभागांचे नगरसेवक,
शिकागो नगर परिषद, सिटी हॉल, लासाल स्ट्रीट, शिकागो

स.न.वि.वि.

१९८७ साली तुमच्या आधीच्या नगरसेवकांनी शहराच्या वारसा कायद्यात एक कलम घातलं. धर्मसंस्थेच्या मालकीची आणि मुख्यतः उपासनेसाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत मालकाच्या संमतीशिवाय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. बँक, हॉटेल, नाट्यगृह, कुणाचं राहतं घर यांच्या मालकांनी नाही म्हटलं, तरी सुनावणी घेऊन आणि मतदान करून तुम्ही त्या वास्तूंना वारसा दर्जा देऊ शकता. चर्च, सिनेगॉग, मशीद आणि मंदिर यांच्या बाबतीत मात्र मालकाच्या एका नकारावर विषय संपतो.

कलम वाचायला निरुपद्रवी वाटतं. सरकारने देवाच्या दारात लुडबुड करू नये, हे मलाही पटतं. पण या कलमाचा व्यवहारात अर्थ असा होतो की आत प्रार्थना चालू आहे तोवर तुम्ही काही करायचं नाही, आणि प्रार्थना बंद पडली, माणसं पांगली, हीटिंग बंद झालं, पाइप फुटले, की मग शहराला अधिकार येतो. जपायला जे सोपं असतं त्या काळात तुमचे हात बांधलेले, आणि जपणं जवळजवळ अशक्य झालं की मोकळे. हे पत्र त्या कलमाबद्दल आहे, आणि त्याच्या आडोशाने जे होतंय त्याबद्दल. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांत पोचलेली आहे. ही प्रत माझ्या मराठी वाचकांसाठी आहे, कारण त्यांतले बरेच जण याच शहरात कर भरतात आणि मत देतात.

माझा संबंध काय, तेही सांगते. यंदा आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) संपल्यावर एक पत्रक वाचून दाखवण्यात आलं. आमचा धर्मग्राम, म्हणजे या चर्चशी बांधलेला भाविकांचा समुदाय, शेजारच्या दोन धर्मग्रामांत विलीन होणार आणि इमारतीचा निर्णय ‘योग्य वेळी’ होणार, एवढंच त्यात होतं. योग्य वेळ कुठली आणि ती ठरवणार कोण, यावर एक ओळ नव्हती. धर्मग्रामाचं नाव मी मुद्दाम देत नाही. पत्रक वाचणारे धर्मगुरू भले गृहस्थ आहेत, त्यांचा आवाज दाटून आला होता, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.

मी मूळची वसईची. शेतीवाडीतलं कॅथलिक घर, मराठीतली मिस्सा, सणाला बँड. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत, बहुतेकांना छप्पर नाही. वडाच्या मुळ्या दगडांत शिरलेल्या. आम्ही लहानपणी तिथे लपाछपी खेळायचो. ती चर्चं ओस पडायला निदान १७३९ ची लढाई तरी लागली, चिमाजी अप्पांना यावं लागलं. शिकागोत चर्च पडायला एक तुंबलेली पन्हळ पुरते.

हे अलंकारिक बोलणं नाही. मी आमच्या इमारत समितीवर आहे आणि तांब्याच्या पन्हळीतला मेपलचा पाचोळा हाताने उपसला आहे. शरद ऋतूत पन्हळ तुंबते. पाणी दगडी कठड्यामागून भिंतीत उतरतं. जानेवारीत ते गोठतं, फुगतं, विटेला आतून ढकलतं. मार्चमध्ये विटांचे चेहरे पापुद्र्यांसारखे सुटून फुटपाथवर पडतात, आतल्या प्लास्टरला लोणा लागतो, आणि संताच्या चित्रावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. मग कुणीतरी स्वस्तातला मिस्त्री आणतं. तो जुना चुन्याचा सांधा कोरून तिथे कडक सिमेंट भरतो. जुनी वीट मऊ असते. तिला श्वास घ्यायला चुना लागतो. सिमेंट पाणी आत कोंडतं आणि पुढच्या हिवाळ्यात वीट दुप्पट वेगाने फुटते. शंभर वर्षं टिकलेली भिंत चुकीच्या दुरुस्तीने दहा वर्षांत नासते. चुन्याचं काम जाणणारे गवंडी शिकागोत आहेत, पण त्यांचा दर आमच्या दानपेटीच्या आवाक्यातला नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार ‘मालकाची संमती’ या शब्दांबद्दल. मालक कोण? कॅथलिक चर्चच्या बाबतीत इथली बहुतेक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या ‘कॅथलिक बिशप ऑफ शिकागो’ या एकव्यक्ती महामंडळाच्या नावावर राहिली आहे. इलिनॉयच्या कायद्याने १९ व्या शतकात ही सोय केली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संमती देणारी किंवा नाकारणारी सही एकच. पैसे कुणी दिले होते? पिल्सन या वस्तीतल्या सेंट अ‍ॅडलबर्टचा धर्मग्राम १८७४ साली पोलिश मजुरांनी स्थापला आणि आजची इमारत १९१४ साली उभी राहिली. वास्तुविशारद हेन्री श्लॅक्स. १८५ फुटांचे दोन मनोरे, रोममधल्या सेंट पॉलच्या बॅसिलिकेवर बेतलेली रचना, दर्शनी बाजूला गुलाबी ग्रॅनाइटचे खांब. हे कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या पगारातून झालं. पोलिश कुटुंबं पुढे उपनगरांत गेली तेव्हा मेक्सिकन कुटुंबांनी त्याच बाकांवर बसून तीच इमारत आणखी काही दशकं चालवली, तिच्यासाठी तमाले विकले, जत्रा भरवल्या. २०१९ च्या जुलैत तिथली शेवटची मिस्सा झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात आतली ‘पिएता’ची (मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेच्या शिल्पाची) प्रतिकृती दुसऱ्या चर्चमध्ये हलवण्यात आली, तेव्हा विरोध करणारे रहिवासी बाहेर थंडीत उभे होते. त्यांच्यातल्या कुणाचीही संमती कायद्याला लागत नव्हती. आणि वारसा आयोगाने त्या इमारतीला दर्जा देण्याचं काम हाती घेतलं ते २०२३ मध्ये. उपासना थांबल्यामुळे संमतीचं कलम आता लागू नव्हतं म्हणून! चार वर्षं रिकामी पडलेली इमारत, मनोऱ्यांभोवती परांच्या, आणि तेव्हा कुठे शहराला अधिकार.

तुम्ही म्हणाल, हा कॅथलिकांचा घरगुती प्रश्न. नाही. दक्षिण भागातल्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट) मंडळ्यांची मालकी स्थानिक असते, तिथे सही करणारे लोक आठवड्याला डोळ्यांसमोर असतात. पण त्यांच्यापुढे वेगळा पेच आहे. वारसा दर्जा घेतला तर प्रत्येक खिडकीसाठी परवानगी लागेल आणि खर्च वाढेल, ही भीती. ती खोटी नाही. दर्जा म्हणजे भिंतीवर पितळी पाटी आणि डोक्यावर बिल, असा समज तुम्हीच पसरू दिला आहे.

इथे पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चचं उदाहरण तुमच्यासमोर ठेवते, कारण ते दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. १८९०-९१ मध्ये अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांनी ही इमारत सिनेगॉग म्हणून बांधली. डँकमार अ‍ॅडलरचे वडील त्याच ज्यू मंडळीचे रब्बाय होते. १९२२ पासून ती कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांची झाली, आणि थॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या दशकात तिथे जे संगीत घडवलं त्याला आज जग गॉस्पेल म्हणतं. १९८१ मध्ये वारसा दर्जाही मिळालेला. २००६ च्या ६ जानेवारीला छताची दुरुस्ती चालू असताना कामगारांच्या ज्वाळा सोडणाऱ्या गॅसच्या टॉर्चने आग लागली आणि छप्पर, सज्जे, डॉर्सींची हस्तलिखितं, सगळं गेलं. दगडी भिंती लोखंडी टेकू देऊन उभ्या ठेवल्या. २०२० च्या वादळात त्यांतली एक ढासळली. या शहराने जगाला दिलेलं एक आख्खं संगीत जिथे वाढलं, ती जागा जवळपास वीस वर्षं उघड्यावर आहे. दर्जा होता. पैसा नव्हता, आणि आगीचं काम डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस नव्हता. तेव्हा नुसता दर्जा द्या, असं मी म्हणत नाही.

दुसरी तक्रार पैशाचीच. २०१६ पासून तुमच्याकडे ‘अ‍ॅडॉप्ट-अ-लँडमार्क’ निधी आहे. डाउनटाउनमध्ये नियमापेक्षा जास्त मजले बांधणारे विकासक जी रक्कम भरतात, तिचा दहा टक्के हिस्सा त्यात जातो. कल्पना उत्तम आहे आणि काही चर्चना त्यातून खरोखर मदत झाली आहे. पण निधी मिळतो तो दर्जा असलेल्या वास्तूला. दर्जा मिळतो मालकाच्या संमतीने. मालक संमती देत नाही, कारण त्याला जमीन मोकळी हवी असते. म्हणजे ज्या चर्चला धोका सर्वांत जास्त, तेच निधीपासून सर्वांत लांब. केंद्राची २० टक्के कर-सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, चालू चर्चला तिचा उपयोग नाही. चर्च बंद करा, आत फ्लॅट काढा, की सवलत लागू! या सगळ्या नियमांचा उतार एकाच दिशेला आहे आणि पाणी तिकडेच जाणार.

फ्लॅटना माझा सरसकट विरोध नाही. लोगन स्क्वेअरमध्ये एका जुन्या चर्चमध्ये सर्कशीची शाळा चालते. जिथे ऑर्गनचा आवाज घुमायचा तिथे मुली झोपाळ्यावर उलट्या लटकतात, आणि उंच छताचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आमच्या चर्चच्या कायद्यातही, कलम १२२२ मध्ये, बंद झालेली वास्तू ऐहिक कामाला द्यायची मुभा आहे, फक्त ते काम अशोभनीय नसावं. प्रश्न वस्तीला त्या दारातून पुन्हा आत जाता येतं का, हा आहे.

सेंट जॉन ऑफ गॉडचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. ‘बॅक ऑफ द यार्ड्स’मधलं हे चर्चही श्लॅक्सचंच. ते २०१०-११ मध्ये उतरवलं आणि त्याचा दर्शनी भाग दगड-दगड सुटा करून दूर उत्तरेला, लेक काउंटीतल्या ओल्ड मिल क्रीकच्या नव्या चर्चला बसवला. तिथल्या भाविकांना सुंदर वास्तू मिळाली, यात शंका नाही. कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या लोकांना मिळालं मोकळं मैदान. गरिबांच्या आजोबांनी जमवलेले दगड सुखवस्तू उपनगराला शोभा द्यायला जातात, याला वारसा जपणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. वॉबॅश रस्त्यावरच्या सेंट जेम्सचे तर दगडही कुठे बसवले नाहीत. १८८० साली पूर्ण झालेलं आयरिश स्थलांतरितांचं ते चर्च २०१३ मध्ये पाडलं.

तिसरी तक्रार तुमच्या यादीबद्दल. शहराने ऐतिहासिक इमारतींची पाहणी केली ती १९८३ ते १९९५ या काळात. त्या यादीत लाल किंवा नारंगी शेरा असलेली, म्हणजे सर्वांत महत्त्वाची ठरवलेली, इमारत पाडायची झाली तर २००३ च्या नियमाने ९० दिवस थांबावं लागतं. नव्वद दिवसांत काय होतं? पहिला महिना पत्ता लागण्यात जातो, दुसरा बैठकीची जागा मिळवण्यात. शिवाय त्या पाहणीचा भर १९४० पूर्वीच्या इमारतींवर. युद्धानंतरची चर्चं तिच्या नजरेतून जवळजवळ सुटलीच. याचा एक परिणाम २०२५ च्या मे महिन्यात आख्ख्या जगाने पाहिला. पोप लिओ चौदावे निवडून आले आणि वार्ताहर १३७ व्या रस्त्यावर पोचले, जिथे सेंट मेरी ऑफ द अझम्प्शनमध्ये छोटा रॉबर्ट प्रिव्होस्ट वेदीसेवक होता. सापडलं काय? बंद पडलेली इमारत, भिंतींवर रंगफवारे, छपराला भोक. शेजारच्या डॉल्टन गावाने त्यांचं बालपणीचं छोटंसं घर ३,७५,००० डॉलर मोजून विकत घेतलं. अडचणीतल्या गावाला तेवढी हिंमत झाली. देशातल्या तिसऱ्या मोठ्या शहराने आपल्या हद्दीतल्या त्या चर्चवर साधी ताडपत्री टाकण्याचीही व्यवस्था वेळेत केली नव्हती. पोप निवडून येईल याचा अंदाज कुणालाच नसतो, मान्य. पण पोप निवडून आल्याशिवाय एखाद्या छपराकडे बघायचं नाही, हे धोरण कसं?

चौथी तक्रार वापराकडे दुर्लक्षाची. ‘तिथे रविवारी साठ माणसं येतात, एवढी मोठी इमारत कशाला?’ हा प्रश्न मी एका बैठकीत ऐकला. साठचा आकडा बरोबरही असेल. पण आमच्या तळघरात सोमवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा असते, मंगळवारी आणि गुरुवारी अन्नधान्य वाटप, बुधवारी मतिमंद मुलांचा नृत्यवर्ग, निवडणुकीला मतदान केंद्र. आणि रविवारी दुपारी, कॉफीचा मोठा पिंप धुऊन झाला की, त्याच घडीच्या टेबलांवर मराठी शाळा भरते. भिंतीवर पोलिश भाषेतली देणगीदारांची नावं, खाली पोरं ‘ळ’ गिरवतात. ‘पार्टनर्स फॉर सेक्रेड प्लेसेस’ या संस्थेने शिकागो, फिलाडेल्फिया आणि फोर्ट वर्थ इथल्या ९० मंडळ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. चर्चच्या इमारतींत चालणाऱ्या उपक्रमांचा लाभ घेणाऱ्यांत ८७ टक्के लोक त्या मंडळीचे सदस्य नसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्याकडे तो आकडा याहून कमी नसणार. रविवारी डोकी मोजून इमारतीची किंमत ठरवणाऱ्यांनी मंगळवारी सकाळी रांगेत उभं राहून बघावं.

आता तुमच्या वकिलांचं उत्तर मला ठाऊक आहे. धर्मस्वातंत्र्य. राज्यघटना. धर्मसंस्थांच्या जमीनवापराला संरक्षण देणारा २००० चा केंद्रीय कायदा. मी थोडं वाचलं आहे, म्हणून तेही बोलून टाकू. बॉस्टन शहराने जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) चर्चच्या आतल्या भागाला दर्जा दिला. वेदी कुठे असावी हे सरकार ठरवू पाहतंय म्हणत ते कोर्टात गेले आणि १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जेझुइटांच्या बाजूने निकाल दिला. माझ्या मते योग्य निकाल. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उलटं झालं. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट बार्थोलोम्यूला आपल्या सभागृहाच्या जागी ऑफिसचा टॉवर बांधायचा होता, वारसा आयोगाने नकार दिला, आणि केंद्रीय अपील न्यायालयाने आयोगाचा नकार उचलून धरला. उपासना करता येते, इमारत वापरता येते, तेव्हा नुसतं उत्पन्न बुडतं म्हणून धर्मस्वातंत्र्यावर घाला पडत नाही, असा त्याचा आशय. सेंट बार्थोलोम्यू आजही तिथे आहे आणि आजही तिथे प्रार्थना होते. न्यूयॉर्कच्या कायद्यात चर्चसाठी सरसकट सूट नाही, खरोखर आर्थिक कोंडी झालेल्यांना दाद मागायची वाट मात्र आहे. म्हणजे मधला मार्ग निघतो. तुमच्या १९८७ च्या कलमाने तो शोधण्याचे कष्टच वाचवले.

आणि या शहराला मन झालं तर काय होतं, याचा इतिहास तुमच्याच गावात आहे. १९५० च्या दशकात केनेडी एक्सप्रेसवेच्या वाटेत सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका येत होतं, शिकागोतला पहिला पोलिश धर्मग्राम. पोलिश मतदार आणि त्यांचे नेते उठले आणि महामार्गाला वळण द्यावं लागलं. आजही गाडी चर्चला जवळजवळ खेटून जाते. रूझवेल्ट रस्त्यावरचं होली फॅमिली चर्च शहर जाळणाऱ्या १८७१ च्या मोठ्या आगीतून वाचलं. गोठ्यापासून आग सुरू झाली असं ज्यांच्या नावावर खपवलं गेलं, ते ओलिअरी कुटुंब याच धर्मग्रामातलं! त्या आगीच्या नवसाचे सात दिवे तिथे आजही लागतात. १९९० मध्ये तेच चर्च पाडायला निघालं होतं. ३१ डिसेंबरपर्यंत दहा लाख डॉलर जमवा, नाहीतर संपलं, अशी अट होती. शहरभरातून, देशभरातून लहानमोठ्या नोटा आल्या आणि पैसे जमले. वुडलॉनमधलं ‘श्राइन ऑफ क्राइस्ट द किंग’ २०१५ च्या आगीत होरपळलं, पाडण्याची तयारी झाली, तेव्हा आजूबाजूचे लोक उभे राहिले, ज्यांतले बरेच कॅथलिकही नव्हते, आणि इमारत वाचली. प्रत्येक वेळी शेवटच्या घटकेला धावाधाव. दरवेळी ३१ डिसेंबर गाठायचा, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

माझ्या मागण्या अशा.

१९८७ चं संमतीचं कलम बदला. पूर्ण काढून टाका असा माझा हट्ट नाही. चालू उपासनास्थळांच्या आतल्या भागाला हात लावू नका: वेदी, बाक, मूर्ती मंडळीच्या. पण बाहेरचा भाग, म्हणजे भिंती, मनोरे, छप्पर यांच्या बाबतीत मालकाचा नकार शेवटचा शब्द नसावा. मालकाचं म्हणणं ऐका, रविवारी तिथे बसणाऱ्यांचं ऐका, शेजाऱ्यांचं ऐका, आणि मग मत द्या. दुरुस्तीचा भार खरोखर झेपत नाही हे हिशेबाने दाखवणाऱ्या मंडळीसाठी न्यूयॉर्कसारखी सुटकेची वाट ठेवा.

दर्जा आणि पैसा एकाच ठरावात द्या. ‘अ‍ॅडॉप्ट-अ-लँडमार्क’मधला ठरावीक हिस्सा दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या चालू उपासनास्थळांच्या छप्पर, पन्हळी आणि सांधेभरणीसाठी राखून ठेवा, आणि तो छप्पर गळायच्या आधी मिळू द्या. चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची यादी शहराने ठेवावी. छतावर टॉर्च चालणार असेल तर काम संपल्यानंतरही काही तास माणूस पहाऱ्याला ठेवण्याची सक्ती करा. पिलग्रिमनंतर हे सांगावं लागू नये.

पाहणी नव्याने करा, युद्धानंतरच्या इमारतींसह. उपासनास्थळांसाठी ९० दिवसांची मुदत एक वर्ष करा.

आता महाधर्मप्रांताच्या, म्हणजे शिकागोच्या कॅथलिक चर्चच्या मुख्य कार्यालयाला, ज्यांना या पत्राची प्रत दिली आहे. धर्मग्रामांच्या फेररचनेची तुमची ‘रिन्यू माय चर्च’ मोहीम २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा साडेतीनशेच्या आसपास धर्मग्राम होते, आज त्यांतले शंभराहून जास्त विलीन झाले आहेत. धर्मगुरू कमी, येणारे कमी, आणि अत्याचार झालेल्यांना भरपाई देणं आपलं कर्तव्यच आहे. हे कुणी नाकारत नाही. मी तुमचीच आहे, माझ्या लेकीचा बाप्तिस्मा तुमच्याच वेदीसमोर झाला. म्हणून विचारते : इमारत धोकादायक आहे असं सांगताना अभियंत्याचा अहवाल आमच्या हाती का देत नाही? विकत घ्यायला कोण आलं होतं, किती देत होतं, वस्तीच्या कामाला इमारत मागणारं कुणी होतं का, हे विक्री झाल्यावर का कळावं? वारसा दर्जाला तुम्ही स्वखुशीने संमती द्यायला लागलात, तर वर मागितलेली निम्मी कायदेदुरुस्ती लागणारच नाही. चर्च बंद करण्याआधी आतल्या रंगीत काचा, घंटा, मूर्ती, ऑर्गन यांची यादी करून ती दारावर लावा. काय कुठे जाणार हे आम्हाला रात्रीतून कळू नये.

नगरसेवकहो, माझी शेवटची मागणी सगळ्यांत साधी. या कलमावर जाहीर सुनावणी घ्या. सिटी हॉलमध्ये सकाळी दहाला नको, तेव्हा आमचे लोक कामावर असतात. पिल्सनमध्ये एक, ब्रॉन्झव्हिलमध्ये एक, संध्याकाळी साडेसहानंतर, स्पॅनिश आणि पोलिश दुभाष्यांसह. जागेची अडचण असेल तर आमचं तळघर गुरुवारी आठनंतर मोकळं असतं. खुर्च्या दीडशे आहेत, कॉफीची सोय आम्ही करू. प्रभागाच्या कार्यालयातून कळवावं.

आपली,
इमारत समितीची एक सदस्य, मूळ वसईची, आता शिकागोची